डॅनिश पेस्ट्रीचं गोड सारण: आधी काय करायचं, किती घट्ट, किती गार

डॅनिश पेस्ट्री बिघडली की सगळे पिठाला धारेवर धरतात. लाटताना लोणी फुटलं असेल, घड्या कमी पडल्या असतील, यीस्ट जुनं असेल. पण बिघडलेली पेस्ट्री मधोमध कापून पाहिली तर कडेचे पदर बहुतेक वेळा छान सुटलेले दिसतात आणि फक्त मधला भाग लगदा झालेला असतो. ट्रेवर साखर-लोण्याचं तळं साचून करपलेलं असतं. हे सारणाचं काम. सारण पातळ होतं, किंवा गरम होतं, किंवा चुकीच्या वेळी चुकीच्या जागी पडलं.

डेन्मार्कमध्ये ‘वीनरब्रॉड’ या नावाखाली जे प्रकार विकले जातात, त्यांची सारणं मोजकीच आहेत: रेमाँस (लोणी-साखरेचं, बहुतेकदा मार्झिपान घातलेलं मिश्रण), केयेक्रेम (घट्ट शिजवलेलं कस्टर्ड), फळांचा जॅम किंवा आटवलेला गर, आणि माझारिन (बदाम-अंड्याचं मिश्रण). घड्या घातलेलं पीठ फ्रीजमध्ये तयार आहे असं धरून हा लेख लिहिला आहे. मापं साधारण १२ नगांची आहेत.

## तयारी: कामाचा क्रम आधी ठरवा

पीठ लाटून ओट्यावर पसरलंय आणि आता कस्टर्ड शिजवायला घेतलंय, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कस्टर्ड गार होईपर्यंत पिठातलं लोणी मऊ पडतं, आणि गार होण्याआधी घातलं तर तेच लोणी वितळतं. म्हणून कामाची वाटणी अशी करा:

१. आदल्या दिवशी: केयेक्रेम, फळाचा गर किंवा जॅम, घरी करणार असाल तर मार्झिपान.
२. त्याच दिवशी, लाटण्याच्या तासभर आधी: रेमाँस.
३. लाटून, कापून लगेच: रेमाँस भरणं आणि आकार देणं.
४. पेस्ट्री फुगल्यावर, ओव्हनमध्ये जाण्याच्या क्षणी: कस्टर्ड.

साहित्यात तीन गोष्टींकडे लक्ष द्या. लोणी बिनमिठाचं आणि बाजारातलं घ्या. घरच्या ताकावरच्या लोण्यात पाणी जास्त असतं, ते सारणातून सुटतं. तुपात पाणी अजिबात नसतं, पण ते चटकन पातळ होऊन पदरांत मुरतं, त्यामुळे तेही चालत नाही. साखर: आपल्याकडची रोजची साखर जाड दाण्याची असते. मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन बारीक रव्याइतकी करून घ्या. पार पिठीसाखर करू नका, कारण ती लगेच विरघळते आणि सारण सैल पडतं. तिसरी गोष्ट म्हणजे वजनकाटा. वाटी-चमच्याच्या मापाने रेमाँस कधी घट्ट होईल, कधी वाहील.

थर्मामीटर असला तर उत्तम. नसेल तर खाली प्रत्येक टप्प्याला डोळ्यांनी आणि बोटांनी करायची तपासणी दिली आहे.

## टप्पा १: केयेक्रेम

२५० मिली दूध, ३ अंड्यांचे पिवळे बलक, ५० ग्रॅम साखर, २२ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, व्हॅनिलाची अर्धी शेंग किंवा अर्धा चमचा इसेन्स.

१. बलक, साखर आणि कॉर्नफ्लोअर एका भांड्यात गुठळ्या मोडेपर्यंत फेटा. बलकावर साखर घालून तसंच ठेवून देऊ नका, त्याच्या कडक कण्या होतात.
२. दूध शेंगेसह कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा. त्यातलं साधारण एक तृतीयांश दूध बारीक धारेने बलकात घालत फेटा, मग हे मिश्रण उरलेल्या दुधात परत ओता.
३. मध्यम आचेवर सतत ढवळा. घट्ट होऊ लागलं की बहुतेक जण घाबरून गॅस बंद करतात. इथेच पुढचा सगळा घोटाळा होतो. मिश्रण घट्ट झाल्यावर जाड बुडबुडे फुटेपर्यंत थांबा आणि त्यानंतर आणखी एक ते दीड मिनिट ढवळत शिजवा.

हे शेवटचं मिनिट का, तर अंड्याच्या बलकात स्टार्च तोडणारं एक एन्झाइम असतं. नीट उकळी आली नाही तर ते जिवंत राहतं, आणि रात्री मस्त घट्ट दिसणारं कस्टर्ड सकाळी खिरीसारखं पातळ होतं. कॉर्नफ्लोअर वाढवून हा दोष जात नाही. अंडं फुटेल या भीतीने आच कमी करू नका. कॉर्नफ्लोअर असल्यामुळे बलक उकळी सहन करतो.

४. पसरट ताटलीत ओता, वर प्लॅस्टिक फिल्म थेट कस्टर्डला चिकटवा म्हणजे साय धरणार नाही, आणि वाफ जिरताच फ्रीजमध्ये ठेवा. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. दूध-अंड्याचं मिश्रण आहे आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर नासतं.

तपासणी: गार कस्टर्ड ताटलीतून एका वडीसारखं सुटून आलं पाहिजे. वापरण्याआधी चमच्याने फक्त मऊ करा. जोरात फेटलं तर ते पुन्हा सैल होतं.

अंडं नको असेल तर बलक वगळा, कॉर्नफ्लोअर ४-५ ग्रॅम वाढवा आणि शेवटी १५ ग्रॅम लोणी घाला. चव डॅनिश बेकरीतली राहत नाही, पण ओव्हनमध्ये टिकतं. कस्टर्ड पावडर म्हणजे रंग-वास घातलेलं कॉर्नफ्लोअरच, त्यामुळे तीही चालेल; फक्त पाकिटावरच्या प्रमाणापेक्षा दूध कमी घ्या. ते प्रमाण वाटीत खायच्या कस्टर्डचं असतं.

## टप्पा २: फळांचं सारण

डेन्मार्कमध्ये रासबेरीचा जॅम, सफरचंद आणि सुकवलेले आलुबुखार (प्रून) जास्त चालतात. तिन्हींचा नियम एकच: पाणी भांड्यात आटवा, पेस्ट्रीत आटवायला ठेवू नका.

सफरचंद: सोललेल्या ५०० ग्रॅम फोडी, ६० ग्रॅम साखर, एक चमचा लिंबाचा रस. झाकण ठेवून मऊ करा, मग झाकण काढून आटवा. पुरणात जसा डाव उभा राहावा लागतो, तसा इथे चमचा उभा राहिला पाहिजे. तळाशी चमच्याने रेघ ओढली की ती भरून न येता तशीच दिसावी. ५०० ग्रॅमचं साधारण ३०० ग्रॅम उरतं.

प्रून: २०० ग्रॅम बिनबियांचे प्रून १५० मिली पाण्यात भिजवून, शिजवून, कुस्करून घ्या. हे सगळ्यात बिनबोभाट सारण. पहिल्यांदाच करत असाल तर खरं म्हणजे इथूनच सुरुवात करा.

रासबेरी: फ्रोझन फळ आणि साखर जवळजवळ समप्रमाणात घेऊन १०५ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा. स्ट्रॉबेरीचा जॅम वापरायचा असेल तर तो रासबेरीपेक्षा बराच वेळ आटवावा लागतो, कारण फळात पाणी जास्त आणि पेक्टिन (जॅम घट्ट करणारं फळातलं द्रव्य) कमी. लिंबू घाला.

तपासणी (विकतच्या जॅमला तर हमखास करा): बेकिंग पेपरवर चमचाभर जॅम ठेवून २०० अंशांवर १० मिनिटं ओव्हनमध्ये टाका. गोळा जागच्या जागी राहिला तर तो भाजण्याआधी भरता येईल. पसरला तर भाजून झाल्यावरच घाला. ही १० मिनिटं वाचवायला गेलेल्यांचा जॅम शेवटी ट्रे खरवडून काढावा लागतो.

## टप्पा ३: मार्झिपान

डेन्मार्कच्या घराघरांत जे कच्चं मार्झिपान वापरतात, त्यात सुमारे ६० टक्के बदाम असतात. आपल्याकडे केक सजावटीच्या सामानात मिळणाऱ्या मार्झिपानमध्ये अनेकदा साखर बदामापेक्षा जास्त असते. ते वापरलंत तर रेमाँस अतिगोड होऊन वाहणारच. पाकिटामागचं बदामाचं प्रमाण वाचा, आणि साखर जास्त असेल तर रेमाँसमधली साखर त्या हिशेबाने कमी करा.

घरी करणं सोपं आहे. १५० ग्रॅम बदाम गरम पाण्यात घालून साली काढा, पुसून रात्रभर सुकवा, मिक्सरमध्ये थांबून-थांबून बारीक करा. १०० ग्रॅम पिठीसाखर आणि लागेल तसं एक-दोन चमचे पाणी घालून मळा. बदाम इसेन्सचे दोन थेंब पुरे.

सावधान: मिक्सर सलग फिरवला की तो तापतो आणि बदामाला तेल सुटतं. तेल सुटलेल्या मार्झिपानचा रेमाँस ओव्हनमध्ये फुटतो. ओल्या बदामांचंही तेच.

## टप्पा ४: रेमाँस

या लेखातला एकच भाग नीट वाचायचा असेल तर हा वाचा. रेमाँस दोन कामं करतो. स्वतः चव देतो, आणि वरच्या ओल्या सारणाच्या व पिठाच्या मधे स्निग्ध थर बनून पिठाला भिजण्यापासून वाचवतो. म्हणून स्पान्डावरमध्ये (चार कोपरे मधे दुमडलेली चौकोनी पेस्ट्री) कस्टर्डच्या खाली रेमाँस असतो. तो वगळून नुसतं कस्टर्ड भरलं की तळ कच्चा राहतो, आणि मग लोक ओव्हनला शिव्या देतात.

६० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम बारीक साखर, ६० ग्रॅम मार्झिपान, चिमूटभर मीठ.

१. लोणी फ्रीजमधून काढून बोटाने दाबलं तर खड्डा पडेल इतपतच मऊ होऊ द्या. मुंबईच्या मे महिन्यात याला १० मिनिटं पुरतात. पुस्तकातलं ‘तासभर बाहेर ठेवा’ हे थंड देशाचं माप आहे.
२. मार्झिपान किसणीवर जाड किसा. आधी मार्झिपान आणि साखर हाताने किंवा लाकडी चमच्याने चोळून एकजीव करा.
३. मग लोणी तीन वेळा थोडं-थोडं घाला, प्रत्येक वेळी मिसळून घ्या. सगळं लोणी एकदम घातलं की मार्झिपानच्या गोळ्या त्यात पोहत राहतात आणि पुढे कितीही घोटलं तरी मोडत नाहीत.
४. एकसारखं झालं की थांबा.

हे थांबणं लोकांना जमत नाही. केकची सवय असते, त्यामुळे बीटर लावून मिश्रण पांढरं, हलकं होईपर्यंत फेटलं जातं. केकला हवा हवी असते. रेमाँसमध्ये भरलेली हवा ओव्हनमध्ये फुगते, सारण वर उचललं जातं आणि घडीतून बाहेर येतं. बीटर बाजूलाच ठेवा.

मार्झिपान नसेल तर नुसतं समप्रमाणात लोणी-साखर घेऊनही रेमाँस होतो. पण तो अधिक वाहतो, कारण बदाम चरबी धरून ठेवतो तसं इथे धरायला काही नसतं. अशा वेळी १५० ग्रॅम मिश्रणाला एक मोठा चमचा मैदा, किंवा शिळ्या साध्या केकचा भाजून कोरडा केलेला चुरा घाला. चुरा घालायची युक्ती बेकऱ्यांतही वापरतात, आणि मला ती मैद्यापेक्षा आवडते. चवीत भर पडते.

तपासणी: चमच्यावर घेतलेला रेमाँस उलटा धरला तरी पडू नये, आणि त्याला चकाकी नसावी. चकाकी आली म्हणजे लोणी वितळू लागलं. भांडं १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, पुन्हा ढवळा, मगच वापरा.

गरम स्वयंपाकघरासाठी एक सोय: रेमाँस बेकिंग पेपरमध्ये गुंडाळून नळीसारखा लांबट करा, अर्धा तास गार करा आणि सुरीने १५-१५ ग्रॅमच्या चकत्या कापा. स्पान्डावरसाठी पसरायची भानगडच नको.

### दालचिनीचा रेमाँस

कानेलस्नायल, म्हणजे गोगलगायीच्या आकाराची दालचिनीची गुंडाळी, हिच्यासाठी १२५ ग्रॅम लोणी, १२५ ग्रॅम ब्राऊन शुगर, १० ग्रॅम दालचिनी पूड, एक चमचा मैदा. कृती तीच. दालचिनी पिठात न घालता सारणातच घाला, कारण ती यीस्टला मंदावते.

पातळ, ठिसूळ सालीची दालचिनी घ्या. जाड सालीच्या कॅशियात (दालचिनी म्हणूनच विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या सालीत) कूमारिन हे जास्त झालं तर यकृताला अपाय करणारं द्रव्य बरंच जास्त असतं. युरोपीय संघाने बेकरी पदार्थांतल्या कूमारिनवर मर्यादा घातली आहे (दालचिनीच्या पारंपरिक व सणांच्या पदार्थांना किलोमागे ५० मिलिग्रॅम, रोजच्या गोड पदार्थांना १५) आणि कानेलस्नायल नेमकी कुठल्या रकान्यात बसते यावरून २०१३ च्या अखेरीस डेन्मार्कमध्ये चांगलाच गदारोळ झाला होता.

ब्राऊन शुगरऐवजी गूळ घ्यायचा मोह होईल. कोरडा, किसलेला गूळ निम्म्यापर्यंत चालतो. त्यापुढे ओलाव्यामुळे सारण सुटतं. चिकीचा गूळ नकोच, तो गार झाल्यावर दाताला चिकटतो. वेलची मात्र खुशाल घाला. कोपनहेगनच्या नव्या बेकऱ्यांत दालचिनीइतकीच वेलचीची पेस्ट्री दिसते.

## टप्पा ५: माझारिन, हवं असेल तर

सफरचंद किंवा प्रूनच्या खाली घालायला हे उत्तम, कारण भाजल्यावर ते केकसारखं घट्ट होतं आणि फळाचा रस पितं. १०० ग्रॅम मार्झिपान, १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी रेमाँससारखं मिसळा, २ अंडी एकेक करून घाला, शेवटी ४० ग्रॅम मैदा. अंडी फ्रीजमधली गार असतील तर मिश्रण फाटतं, म्हणून आधी बाहेर काढा. पातळ थर द्या, ते फुगतं.

## टप्पा ६: भरणं

पीठ फ्रीजमधून नुकतंच काढलेलं, सारण गार पण पसरण्याजोगं. दोन्हींचा घट्टपणा सारखा असावा. दगडासारखा रेमाँस पीठ फाडतो, तर सैल रेमाँस गुंडाळताना बाजूने पिळून निघतो.

१. स्पान्डावर: ३-४ मिमी जाड पीठ, १० सेंमीचे चौकोन. मधोमध १५ ग्रॅम रेमाँस. चारही कोपरे मधे आणून बोटाने तळापर्यंत दाबा. हळुवार दाबलं तर ओव्हनमध्ये कोपरे उलगडतात आणि कस्टर्ड घरंगळतं. कस्टर्ड आत्ता घालायचं नाही.

२. कानेलस्नायल: ३ मिमी जाड लाटा, दालचिनीचा रेमाँस पातळ पसरा, शेवटच्या कडेला दोन सेंमी जागा कोरडी सोडा. कडेपर्यंत सारण लागलं तर गुंडाळी चिकटत नाही. फार आवळून गुंडाळू नका, नाहीतर मधला भाग शंकूसारखा वर उठतो. गुंडाळी २० मिनिटं गार करा, मग तीन-तीन सेंमीचे तुकडे कापा आणि शेपूट खाली दुमडा.

३. क्रिंगल: १२-१५ सेंमी रुंद लांब पट्टी, मधे रेमाँसची रेघ, वर मनुका. दोन्ही बाजू मधे दुमडा, जोड खाली करा. मनुका भिजवा, पण नंतर कापडावर पूर्ण कोरड्या करा.

४. तेबिर्केस: रेमाँसचा थर देऊन पीठ तीन पदरी दुमडा, तुकडे कापा, वर पाणी लावून खसखस दाबा. गोड सारण आणि वर खसखस, ही जोडी आपल्या जिभेला परकी वाटत नाही.

सावधान: ‘थोडं जास्त सारण’ हा मोह इथे नडतो. एका नगाला रेमाँस १५ ते २२ ग्रॅम, कस्टर्ड २० ग्रॅम. एवढ्यावर थांबा.

## टप्पा ७: फुगवणं, कस्टर्ड, भाजणं

१. भरलेल्या पेस्ट्री २४ ते २६ अंशांत, झाकून, एक ते दीड तास फुगू द्या. लोणी ३० अंशांच्या पुढे वितळण्याच्या बेतात असतं, म्हणून उन्हाळ्यात एसी असलेल्या खोलीत ठेवा. ‘उबदार जागी ठेवा’ हा पावाचा सल्ला इथे विसरा. ट्रेवर लोण्याचे थेंब दिसले तर ताबडतोब १५ मिनिटं फ्रीजमध्ये.
२. स्पान्डावरचा मधला भाग पुन्हा दाबून खळगा करा. त्यात गार कस्टर्ड किंवा तपासणीत टिकलेला जॅम भरा.
३. फेटलेलं अंडं फक्त वरच्या पिठाला लावा. कापलेल्या कडांवर लागलं की पदर एकमेकांना चिकटतात.
४. पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये २१० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. छोट्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असते. ट्रे खालच्या खणात ठेवा.

तपासणी: वरचा रंग पाहून काढू नका. एक पेस्ट्री उचलून तळ बघा. तो पूर्ण तपकिरी हवा. वर रंग आला आणि तळ फिका असेल तर वर फॉइल टाकून १८० अंशांवर पाच मिनिटं आणखी द्या.

५. लगेच जाळीवर काढा. ट्रेवर राहिल्या तर सुटलेली साखर गार होऊन काचेसारखी चिकटते आणि तळ वाफेने ओला होतो.
६. १०० ग्रॅम पिठीसाखर आणि १५-२० मिली गरम पाण्याची घट्ट ग्लेझ कोमट पेस्ट्रीवर घाला. गरम पेस्ट्रीवर ती विरघळून आत जाते. न टिकलेला जॅमही याच वेळी मधे ठेवा.

## बिघडलं तर कुठे पाहायचं

ट्रेवर साखर-लोण्याचं तळं असेल तर रेमाँस फेटला गेला किंवा फार मऊ असताना भरला गेला. तो दोष टप्पा ४ चा. तळं नुसत्या लोण्याचं असेल, त्यात गोडी नसेल, तर ते पिठातलं लोणी आहे आणि फुगवण्याची जागा गरम होती. बोट लावून चाखून बघा, फरक लगेच कळतो. कस्टर्ड भाजताना वाहिलं तर ते आदल्या दिवशी पुरेसं उकळलं नव्हतं. कस्टर्ड टिकलं पण खालचं पीठ कच्चं राहिलं, तर रेमाँसचा थर तुटक होता किंवा खळगा पुरेसा दाबला नव्हता. साखर दाताखाली कचकच लागली तर ती बारीक केली नव्हती.

उरलेला रेमाँस नळी करून डब्यात घाला. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने सहज टिकतो आणि आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवला की सकाळी कापता येतो. प्रूनचा आणि सफरचंदाचा गरही गोठवता येतो. केयेक्रेम गोठवू नका. बर्फ सुटल्यावर त्यातून पाणी वेगळं होतं आणि ते पुन्हा एकजीव होत नाही, म्हणून दोन दिवसांत संपवा.